आठव्या महिन्यातली भाकरी

सन दोन हजार बावीस. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे मी. तिची आई ती दहा वर्षांची असतानाच गेली. तेव्हापासून तिची भाकरी मी थापली, वेणीही मीच घातली, वाकडी का होईना.

शिंदखेड्याला तिला आणायला गेलो तर विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या घरात बाईमाणूस नाही, बाळंतपण करणार कोण? मी म्हणालो, मी करीन. त्या पदराआड हसल्या. मी हसलो नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आई नाही म्हणून माझ्या लेकीची तेवढी रीत चुकवायची, हे मला पटणारं नव्हतं. शेवटी चाळीसगावची माझी थोरली बहीण येऊन राहील असं कबूल केलं, तेव्हा कुठे पोरीची बॅग गाडीत चढली.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण भडगावच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसावं लागतं, आणि समोरच्या भिंतीवर मोठा तक्ता होता. पोटात बाळ महिन्यामहिन्याला कसं होतं त्याचा. अक्षराला अक्षर जोडत मी तो सगळा वाचला. तिसऱ्या महिन्यात एवढंसं लिंबाएवढं, पण हातापायाची बोटं आलेली. पाचव्यात आईला त्याची हालचाल कळायला लागते. सातव्यात डोळे उघडतं, बाहेरचा आवाज ऐकतं. शेवटच्या दोन महिन्यांत अंग धरतं, फुप्फुसं पक्की होतात. एवढा कारभार आत अंधारात चालतो, आणि आपण बाहेर चहा पीत बसतो.

गावात येऊन मी हे पानटपरीवर सगळ्यांना सांगितलं. एकाने विचारलं, "नाना, मंग तुमले कितवा महिना?" सगळे हसले. हसू दे. त्यातल्या एकालाही आपलं पोर कोणत्या महिन्यात डोळे उघडतं ते ठाऊक नव्हतं, मला होतं.

बाळ ऐकतं म्हटल्यावर मी रोज संध्याकाळी दाराच्या उंबऱ्यावर बसून नातवंडाला हाक मारायचो. "मी तुना आजला शे!" लेक आतून म्हणायची, "नाना, लेकरू पोटमा शे, वावरमा नई. हळू बोला." तरी मी बोललो की ते लाथ मारायचं, हे तिनंच मला सांगितलं होतं. माझा आवाज ओळखणारं ते घरातलं सगळ्यात लहान माणूस होतं.

आठवा लागला आणि चाळीसगावहून अक्का आली. येताना डिंक, खारीक, बाळाला दुपटी, सगळं घेऊन आली. पोरीवर तिचा जीव. पण दुसऱ्याच दिवशी तिनं पोरीच्या ताटातली एक भाकरी उचलली आणि तिच्या जागी अर्धीच ठेवली. आमच्याकडे जुन्या बायकांचं असं आहे की शेवटच्या महिन्यांत गर्भारशीनं कमी खावं. पोट एकच, त्यात अन्न भरलं तर बाळाला जागा उरत नाही. आणि बाळ मोठं झालं तर अडतं. पोरीनं तेवढीच खाल्ली. आईच्या जागी आलेल्या बाईला काय बोलणार? मीही आधी गप्प बसलो, कारण अक्काचं पहिलं बाळ अडलं होतं आणि हाती लागलं नव्हतं. ती रीत सांगत नव्हती, भीत होती. ते मला कळत होतं.

पण पुढच्या तपासणीला पोरीची सोनोग्राफी झाली, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. मी आत जाऊन विचारलं, कसं आहे? त्या म्हणाल्या, "बाबा, मुलगा की मुलगी ते आम्ही सांगत नाही."

"मी कुठं विचारलं? वजन सांगा."

त्या जरा बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, कमी आहे. या महिन्यात असायला हवं त्यापेक्षा बरंच कमी. असंच राहिलं तर जन्मल्यावर बाळाला जड जाईल. पोरगी पोटभर जेवते का?

घरी आलो ते तडक चुलीपाशी गेलो. अक्का पिठाला हात घालून बसली होती. मी म्हणालो, "अक्का, गाभन म्हैसले आपला बाप शेवटला महिनासमा पेंड वाढाडे का कमी करे?"

"वाढाडे," ती म्हणाली. "म्हैसनं पोट केवढं शे, पोरनं केवढं."

 मी हटणारा नाही. त्या आठवड्यात मी पोरीला माझ्या हातची भाकरी माझ्यासमोर बसवून खाऊ घातली आणि अक्का माझ्याशी बोलली नाही. मी पाणी मागितलं तर तांब्या पोरीच्या हाती द्यायची. पुन्हा दवाखान्यात जायचं झालं तेव्हा मी अक्काला म्हणालो, तू पण चल. ती नाही म्हणाली. मी रिक्षा दारात उभी करून ठेवली, आणि ती बसेपर्यंत हलू दिली नाही. रिक्षावाला कंटाळून झोपला.

डॉक्टरीणबाईंना मी विनंती केली, माझ्या बहिणीला आतलं दाखवा. त्यांनी अक्काला सोनोग्राफीच्या पडद्यापुढे खुर्ची दिली. हे डोकं, हा पाठीचा कणा, हे ठोके. आणि हे बघा अक्का, बाळ त्याच्या वेगळ्या पिशवीत आहे, पाण्यात. जेवण जातं ते ठिकाण वेगळं. आईनं खाल्लेल्याचं रक्त होतं आणि नाळेतून बाळाला जातं. भाकरी बाळाची जागा घेत नाही, भाकरी कमी केली तर बाळाचं तेवढं कमी होतं. आणि अडलंच, तर ऑपरेशनची सोय इथंच आहे.

अक्का पडद्याकडे बघत राहिली. तेवढ्यात बाळानं हात हलवला. तिनं पदर तोंडाला लावला.

परतीच्या रिक्षात ती एकदम म्हणाली, "मना टाइमले हाई कोनी दखाडं नई."

त्या संध्याकाळी पोरीच्या ताटात दोन भाकरी होत्या, वर तुपाची धार. मी विचारलं नाही कुणी वाढलं.

दिवस भरले तेव्हा भडगावलाच लेक मोकळी झाली, ऑपरेशनशिवाय. नर्स बाहेर आली, तोंड उघडणार तेवढ्यात अक्का उठून तिच्यापुढे गेली आणि विचारलं, "वजन कितलं शे?"

अडीच किलोच्या वर. नात झाली हे आम्हाला त्यानंतर कळलं. शिंदखेड्याला फोन लावून विहीणबाईंना मी स्वतः सांगितलं, बाळ बाळंतीण सुखरूप, माहेरी. माहेरी हा शब्द मी जरा जोरात म्हणालो.

अक्का रात्री दवाखान्यात थांबली आणि मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चूल पेटवली, शेपूची भाजी केली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, लेकीसाठी दोन आणि अक्कासाठी दोन, फडक्यात गुंडाळल्या आणि गरम आहेत तोवर पहिल्या एसटीनं भडगावला घेऊन गेलो.