महिन्याला बारा खरेद्या

ते खातं मी उघडलं ते निव्वळ हावेपोटी. ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये, माझ्या ऑफिसच्या वाटेवर एक छोटी क्रेडिट युनियन आहे, म्हणजे आपल्याकडच्या पतपेढीचीच एअरकंडिशन्ड बहीण. तिच्या काचेवर पोस्टर लागलं होतं: चेकिंग खात्यावर, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या खात्यावर, चार टक्के व्याज. माझ्या जुन्या बँकेत चेकिंगवर जे व्याज मिळायचं, त्यापेक्षा ते स्टेटमेंटवर छापायच्या शाईचा खर्च जास्त असेल. मी गाडी वळवली आणि आत गेले.

आतल्या अधिकारी बाईने हसून सांगितलं, "अट फक्त एक. महिन्यातून बारा वेळा आमच्या डेबिट कार्डाने खरेदी करायची."

"कितीची?"

"कितीचीही. एका डॉलरची केली तरी चालेल."

"आणि अकराच झाल्या तर?"

"तर त्या महिन्यात नेहमीचा दर," ती म्हणाली. नेहमीचा दर पोस्टरवर खाली बारीक अक्षरांत होता. शून्य, पुढे टिंब, पुढे आणखी एक शून्य आणि त्याच्यामागे लपलेला एक आकडा.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो हिशोबी माणूस आहे. "अगं, आपण सगळं क्रेडिट कार्डावर घेतो. त्याच्यावर कॅशबॅक मिळतो. तो सोडून हे काय?"

"तो सोडायचा नाही. मोठ्या खरेद्या क्रेडिटवर. डेबिटवर फक्त बारा, एकेका डॉलरच्या."

"या देशात एका डॉलरला मिळतं काय?"

त्याने टोमणा मारला होता. मी मात्र त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागले. एक लिंबू मिळतं. एक केळं मिळतं. कोथिंबिरीची जुडी मिळते. वाढदिवसाचं सगळ्यात स्वस्त ग्रीटिंग कार्ड मिळतं, पाकिटासकट.

पहिल्या महिन्यात मी हे सगळं विसरले आणि एकोणतीस तारखेला आठवलं तेव्हा तीनच खरेद्या झाल्या होत्या. त्या संध्याकाळी घराजवळच्या किराणा दुकानात गेले, टोपलीत नऊ वस्तू घेतल्या आणि सेल्फ चेकआऊटच्या मशीनसमोर उभी राहिले. लिंबू स्कॅन केलं, कार्ड टेकवलं, पावती घेतली. केळं स्कॅन केलं, कार्ड टेकवलं, पावती घेतली. चौथ्या वस्तूला तिथे मदतीला उभी असलेली बाई जवळ आली. सत्तरीच्या पुढची, गळ्यात चष्म्याची साखळी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं हळू आवाजात म्हणाली, "हनी, सगळ्या वस्तू एकदम स्कॅन करायच्या असतात. पैसे शेवटी एकदाच द्यायचे."

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका विमा कंपनीची पैसे भरायची सिस्टिम माझी टीम सांभाळते. हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "माहिती आहे. मला बारा खरेद्या करायच्या आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे. "अच्छा, व्याजवाली," ती म्हणाली. "आमच्याकडे एकजण येतो, तो एकेक गाजर घेतो." आणि मागच्या माणसाला तिने दुसऱ्या मशीनवर पाठवलं.

आठव्या वस्तूला कार्ड चालेना. फोनवर मेसेज आला: तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार दिसत आहेत, ते तुम्हीच करत आहात का? मी 'हो' पाठवलं आणि तो संशय माझ्याच नावावर लावून घेतला. बारा पूर्ण झाल्या. महिनाअखेरीला व्याज जमा झालं ते नेहमीच्या दराने. फोन केल्यावर कळलं की शेवटच्या पाच खरेद्या एक तारखेला 'पोस्ट' झाल्या, म्हणजे खात्यात प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. त्या पुढच्या महिन्यात धरल्या जातील. नवऱ्याने फक्त फळांच्या परडीतून एक लिंबू उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

एप्रिलमध्ये माझे वडील नागपूरहून आले. आई त्याच हिवाळ्यात गेली होती. मी विमानाने पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. विहारातली माणसं आठ-दहा दिवस येत-जात होती, नंतर तीही थांबली. बाबांना एकटं ठेवायला नको म्हणून मी सहा महिन्यांसाठी आणलं आणि इथे आणून सबर्बमधल्या घरात एकटं ठेवलं. आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत. बाबा सकाळी वंदना म्हणायचे आणि मग पुढच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. समोरच्या लॉनवर काहीच घडत नाही. दिवसात एकदा टपालाची गाडी येते, तेवढीच. ती आली की ते उभे राहायचे. चौतीस वर्षं पोस्टात काऊंटरवर काढली होती त्यांनी.

"बाबा, आज काय केलं?"

"बसलो होतो."

"जेवलात?"

"हो."

एवढंच आमचं बोलणं. आईबद्दल एक शब्दही नाही. मीही काढायची नाही, कारण काढलं की मलाच आवरायचं नाही.

एका शनिवारी मी डायनिंग टेबलावर पावत्या पसरून मोजत होते. बाबा येऊन मागे उभे राहिले. "हे काय चाललंय?"

मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली. "नियम कुठे आहेत?"

"ऑनलाइन आहेत."

"छापून दे."

चार पानं निघाली. बाबांनी चष्मा पुसला, मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि दर ओळीखाली पट्टी धरून तासभर ती चार पानं वाचली. मग म्हणाले, "तू हे वाचलं होतं?"

"कोणीच वाचत नाही, बाबा."

"म्हणूनच त्यांचं चालतं. हे पाहा. एटीएममधून काढलेले पैसे धरत नाहीत. परत केलेली वस्तू धरत नाहीत. आणि खरेदीची तारीख नाही, नोंदीची तारीख. काहून शेवटच्या दिवशी पळत जातेस? आमच्याकडे सेव्हिंगला दहा तारीख ते महिनाअखेर, त्यातली सगळ्यात कमी शिल्लक धरत व्याजाला. लोकं अकरा तारखेला पैसे भरायला यायचे. मी परत पाठवायचो, सांगायचो की दादा, पुढच्या महिन्यात नऊ तारखेला ये." एवढं ते इथे आल्यापासून एका दमात बोलले नव्हते.

मग त्यांनी हात पुढे केला. "कार्ड दे. पंचवीस तारखेच्या आत बारा करून देतो."

नियमाने मी ते द्यायला नको होतं. पण त्यांचा हात तसाच पुढे होता. मी दिलं.

त्या दिवसापासून बाबा एक दिवसाआड दुकानात जायला लागले. दुकान पायी वीस मिनिटांवर, अर्ध्या वाटेवर फुटपाथही नाही. प्रेसची पँट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. एक वस्तू घ्यायची, कार्ड टेकवायचं, पावती घडी करून पाकिटात. घरी आल्यावर वहीत नोंद: तारीख, वस्तू, रक्कम, आणि चौथ्या रकान्यात नोंदीची तारीख. ती मुलीकडून फोनवर बघून घ्यायची. मुलीला नागपूरच्या आजोबांशी काय बोलावं कळायचं नाही, तिला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. आता रोज संध्याकाळी ते विचारायचे, "पडली का?" आणि ती फोन बघून ओरडायची, "पोस्टेड, आजोबा!"

घरात सामान साठत गेलं. बूटपॉलिशच्या चार डब्या, सात टूथब्रश, कोणाचाच वाढदिवस नसताना अकरा ग्रीटिंग कार्डं. नवऱ्याने एकदा हळूच विचारलं, "व्याज नक्की किती येतंय गं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि टूथब्रश?" मी म्हटलं, "दात घासायला लागतातच."

बाबा दुकानातल्या त्या बाईबद्दल सांगू लागले. आधी तक्रार म्हणून. "चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दिवसभर उभी. पेन्शन नाही का तिला?" मग माहिती म्हणून. "तिचा नवरा ट्रक चालवायचा. गेला." मग एकदा, "तिच्या गुडघ्याला तेल लावायला सांगितलं मी." बाबांचं इंग्रजी काऊंटरवरचं, अर्ज भरून घेण्यापुरतं. ते दोघं काय आणि कसं बोलत असतील याची मला कल्पना करता यायची नाही.

ऑगस्टमध्ये एकदा दूध संपलं म्हणून मीच दुकानात गेले. ती बाई मशीनजवळ आली. "तूच ना मुलगी? तुझी आई काय हुशार बाई होती."

मी दुधाचा कॅन हातात धरून उभी राहिले.

"रिटायर झाल्यावर तुझे वडील दिवसभर किचनमध्ये उभे राहून तिला सूचना द्यायचे म्हणे. गॅस कमी कर, पाणी जास्त झालं. मग ती त्यांना दुकानात पाठवायची. एकदा कसली तरी पानं आणायला, ती आणली की काड्यापेटी, ती आणली की मीठ. दिवसातून चार वेळा. यांना वाटायचं की ती विसरते. ती गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, तर आत मिठाचे सहा पुडे!" ती हसता हसता डोळे पुसायला लागली. "मलाही माझ्या नवऱ्याच्या बाबतीत हे सुचायला हवं होतं."

मी दुधाचे पैसे दिले की नाही हेही मला नीट आठवत नाही. त्या वर्षांत बाबा फोनवर काळजीने सांगायचे, "तुझी आई हल्ली फार विसरते." मी इथून इंटरनेटवर वाचून घाबरले होते. आईला डॉक्टरकडे न्यायला लावलं होतं. डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर तिने ते सेकंदकाट्यासकट काढलं. तरी मी दर रविवारी फोनवर तिला विचारायची, "आई, आज वार कोणता?" ती निमूट उत्तर द्यायची. खरं कारण तिने मलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ते लगेच बाबांना सांगितलं असतं, हे तिला ठाऊक असणार.

घरी आले. बाबा वही काढून बसले होते.

"बाबा, मिठाचे सहा पुडे?"

त्यांनी मान वर केली नाही. "सात. एक फोडलेला होता."

"मला का नाही सांगितलं?"

"तू मध्येच रडतेस. ती बाई पूर्ण ऐकून घेते."

मी अर्थातच रडायला लागले. बाबांनी वही बंद केली आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मग पुन्हा पहिल्यापासून, अगदी ते रिटायर झाले त्या दिवसापासून सगळं सांगितलं. मध्ये दोनदा थांबले, पण माझ्यासाठी नाही. मुलगी जिन्यात बसून ऐकत होती. किती समजलं तिला, माहीत नाही. शेवटी तिने विचारलं, "सो शी प्लेड हिम?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. "आईने तुम्हाला खेळवलं का, असं विचारतेय," मी सांगितल्यावर ते म्हणाले, "हो. चौदा वर्षं."

सप्टेंबरमध्ये क्रेडिट युनियनचं पत्र आलं. आमच्या सोयीसाठी त्यांनी खात्यात सुधारणा केल्या होत्या. आता व्याज अडीच टक्के, खरेद्या पंधरा, आणि प्रत्येक खरेदी किमान दहा डॉलरची. बाबांनी पत्र पट्टी धरून दोनदा वाचलं. "हे चालणार नाही," ते म्हणाले. "खातेदाराला विचारल्याशिवाय नियम बदलले." त्यांनी माझ्याकडून कोरे कागद मागून घेतले आणि मॅनेजरला इंग्रजीत पत्र लिहिलं. 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' पासून सुरुवात, तीन मुद्दे, खाली सही आणि कंसात 'निवृत्त पोस्टल असिस्टंट'. मी ईमेल करू म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लॅपटॉप मिटला. पत्र त्यांनी स्वतः पोस्टात नेऊन टाकलं आणि काऊंटरवरच्या माणसाशी टपाल किती दिवसांत पोचतं यावर चर्चा करून आले.

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. आदल्या दिवशी दुकानात जाऊन आले. त्या बाईला त्यांनी अकरातलं एक ग्रीटिंग कार्ड दिलं, 'लवकर बरे व्हा' असं लिहिलेलं, गुडघ्यासाठी. बूटपॉलिशच्या चारही डब्या बॅगेत घातल्या.

नोव्हेंबरमध्ये मी ते खातं बंद केलं. नवऱ्याने वर्षाचा हिशोब मांडला होता. सामानाचा खर्च व्याजापेक्षा जास्त निघाला आणि त्या व्याजावर टॅक्सही भरायचा होता. त्याने तो कागद मला दाखवला, आणि मग स्वतःच फाडून टाकला. तेवढं शहाणपण त्याला आहे.

डिसेंबरमध्ये बाबांच्या पत्राचं उत्तर आलं. मी फोन लावला आणि वाचून दाखवलं. प्रिय मौल्यवान सदस्य, आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत, आपलं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

"तीन मुद्द्यांवर काय म्हणतात?"

"काही नाही."

"खाली सही कोणाची आहे?"

"छापील आहे, बाबा."

"शाईची नाही?"

"नाही."

"मग ते उत्तर नाही," बाबा म्हणाले. "पत्ता काय आहे त्यांचा? सावकाश सांग, लिहून घेतो."