मानाची जोडी आणि आमची उभी कमिटी

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात तसे कमिटीत किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि शिवून सदराही होत नाही! वाशिमकडं, रिठदच्या बाजूला एका गावात मी मास्तर होतो. दुसरी मोठी लढाई संपत आली होती. त्या एका सालात आमच्या शांतता कमिटीनं जे किस्से जमवले ते मला अजून पुरतात.

आधी भांडण सांगतो. गावात पाटलांची दोन घरं, वरचं आणि खालचं. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची, यावरून दरसाल काठ्या निघायच्या. खालच्या पाटलांचा मुलगा नामदेव हा माझ्या धाकट्या बहिणीचा, गंगूचा नवरा. आदल्या पोळ्याला त्याच्या डोक्यात काठी बसली. वाचला, पण डावा कान गेला तो गेलाच.

गंगू मला म्हणाली, "दादा, तू लोकायले एवढा पेपर वाचून दाखवतं. यंदाच्या पोळ्याले माहा मानूस आपल्या पायानं घरी आला पाहिजे. बाकी मले काई समजत नाई!"

मी म्हटलं, "आणतो!" तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, काहीही बोलायचो.

*

वाशिमहून टपालानं येणारा पेपर मी दर बुधवारी सखाराम शिंप्याच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायचो. लढाया थांबवायला देशांनी मागं एक पंचायत केली होती, ती मोडली. आता नवी उभी राहत होती. तिची कलमं मी समजावून सांगत होतो, की पाच बड्या देशांपैकी एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी ठराव पडला.

तुळशीराम नावाचा म्हातारा कास्तकार पुढंच बसायचा. त्यानं विचारलं, "हे पाच जन कोन हायेत?"

"ज्यांच्याजवळ सगळ्यात जास्त तोफा आहेत ते."

"बाप्पा! म्हंजे ज्याच्या हातात काठी, त्यालेच इचारायचं, का बाबा, तुले थांबवू का नोको?"

ओटा खदखदून हसला. जगाची पंचायत जग दुरुस्त करील, आपण आपली करू, असं तिथंच ठरलं. प्रेसिडेंट सखाराम, सेक्रेटरी मी, मेंबर तुळशीराम आणि दोन्ही पाटील. आणि पहिलंच कलम असं, की एकट्यानं ठराव पाडायचा हक्क कोणालाच नाही!

*

मीटिंग दर बुधवारी दुपारी ठरली. पहिल्या मीटिंगला वरचे पाटील आधी आले, पण बसेनात. "खालचे कुठं बसतात ते पाहू द्या." खालचे आले. "वरचे कुठं बसतात ते पाहू द्या." पाटील उभे म्हणून प्रेसिडेंट उभे, प्रेसिडेंट उभे म्हणून सेक्रेटरी उभा!

पाय दुखायला लागले तशी सगळ्यांची बोलणी आखूड झाली. एरवी दोन तास चालला असता असा विषय दहा मिनिटांत उरकला. मी लगेच वहीत कलम लिहिलं, की यापुढं मीटिंग उभ्यानंच होईल. तुळशीराम म्हणाला, "मास्तर, हे त्या मोठ्या पंचायतीलेबी कळवा!"

*

वरच्या पाटलांना मनाविरुद्ध काही झालं की राजीनामा द्यायची सवय होती. जगाची पहिली पंचायतही अशीच उठून जाणाऱ्यांनी खिळखिळी केली होती, हे मी पेपरात वाचलेलं. म्हणून कलम घातलं, की राजीनामा आधी घरच्या कारभारणीला वाचून दाखवायचा आणि तिची संमती आणायची.

पाटील तावातावात घरी गेले. पाटलीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे आता बुधवारी दुपारीबी तुमी घरीच बसान?"

पाटील अर्ध्या तासात ओट्यावर परत! राजीनामा कुठं गेला हे आम्ही विचारलं नाही.

*

आमचं सगळ्यात कडक कलम होतं बहिष्काराचं. जो आधी काठी उगारेल त्याचं काम गावात कोणी करायचं नाही. पहिल्यांदा सापडले ते खालचे पाटील, खुद्द माझ्या बहिणीचे सासरे! विहिरीवर गुरं पाजण्यावरून त्यांनी वरच्यांच्या गड्यावर काठी उगारली. आम्ही उभ्याउभ्या ठराव केला आणि मी गावभर सांगत निघालो.

न्हाव्याकडं पोचलो तर पाटील त्याच्यासमोरच बसलेले. अर्धी दाढी झाली होती. न्हाव्यानं ठराव ऐकला, वस्तरा पुसला आणि पेटीत ठेवला.

"अरे, बाकीची?"

"पाटील, ठराव हाय. मी काय करू?"

तासाभरात पाटलांनी त्या गड्याची माफी मागितली, तीही तोंडावर उपरणं धरून! घरी गंगूला मात्र आठ दिवस बोलणी खावी लागली. मला वाईट वाटलं, पण कलम मी मागं घेतलं नाही.

*

पोळा तीन आठवड्यांवर आला तरी मूळ प्रश्न तसाच होता. उपाय काढला गंगूनं. "एक बैल त्यायचा, एक आपला. एकच जोडी करा नं! तुमाले एवढंबी सुचत नाई?"

ठराव पाच मिनिटांत पास! वरच्यांचा तांबडा, खालच्यांचा पांढरा. फक्त एक गोष्ट आम्ही सगळे शेतकरी आणि शेतकऱ्यांची पोरं असून विसरलो. जन्मात एका जुवाखाली न आलेले बैल ठराव वाचत नाहीत! दुसऱ्या दिवशी तुळशीरामच्या रानात त्यांना डवऱ्याला, म्हणजे कोळप्याला जुंपलं. तांबडा एकीकडं ओढतो, पांढरा दुसरीकडं. कपाशीच्या सहा ओळी उखडल्या.

"अरे, माह्या पऱ्हाटीनं कोनाचं घोडं मारलं होतं?" तुळशीराम बांधावर नाचून राहिला होता.

*

शेवटी नामदेव आणि वरच्या पाटलांचा विठ्ठल, दोघांनी आपापल्या बैलाचा कासरा धरून रोज डवरा हाकायचा असं ठरलं. दोन दिवस विठ्ठल नामदेवच्या डावीकडून चालत काहीबाही बोलत होता. नामदेव हूं की चूं करेना. तिसऱ्या दिवशी विठ्ठल भडकला, "काहून बोलत नाई बे? लय मोठा झाला काय?"

नामदेव थांबला. "त्या कानाले काई ऐकू येत नाई. मागच्या पोळ्यापासून."

मी बांधावर होतो. विठ्ठल बैलांना वळसा घालून उजवीकडं आला. मग पोळ्यापर्यंत, काही सांगायचं असलं की तो आधी तेवढा वळसा घालायचा.

*

पोळ्याच्या दिवशी सगळं गाव तोरणापाशी जमलं. रिवाजाप्रमाणं प्रत्येकाच्या हातात काठी होतीच. बायका ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या होत्या, त्यांत गंगू. सनया थांबल्या. तांबडा-पांढरा तोरणाखाली आले आणि गेले! पोळा फुटला, मागच्या जोड्या निघाल्या.

एवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पहिले पाय कोनाच्या बैलाचा पडला?"

झालं! काठ्यांवरच्या मुठी घट्ट झाल्या. प्रेसिडेंट सखारामनं वरच्या पाटलांना विचारलं.

"मी नाई पाह्यलं," ते म्हणाले. "मी खालच्यायच्या काठीकडं पाहून राह्यलो होतो."

खालचे पाटील म्हणाले, "मीबी वरच्यायच्याच काठीकडं!"

"मास्तर, तुमी?"

मी नामदेवच्या डोक्याकडं बघत होतो. सखाराम गंगूकडं वळला. "मले कायले इचारता?" ती रडत रडत म्हणाली. "मी माह्या मानसाकडं पाहू का बैलाकडं?"

तुळशीराम, न्हावी, वाजंत्री, सगळ्यांना विचारून झालं.

मग वरच्या पाटलांनी काठी काखेत मारली. "मास्तर, वही काढा. कमिटीत एक मेंबर वाढवा. बैलाकडं पाह्याले!"