वगळलेल्या तीन पौर्णिमा

माझ्या आईनं जग बुडण्याच्या तीन तारखा पाहिल्या. चौथी तिला मी काढून दिली.

मी बावड्याच्या हायस्कुलात गणित शिकवते. आई कन्हेरीला, भावाजवळ राहायची. वडील गेल्यावर वर्षभर ती कुणाशी धड बोलत नव्हती. मग ओळखीतली एक बाई तिला दर गुरुवारी पिंपळीच्या मंडळात न्यायला लागली. मंडळ म्हणजे पत्र्याचा एक हॉल, चार सतरंज्या आणि उत्तरेतल्या कुणा महाराजांचा फोटो. महाराज समाधिस्थ झाले होते, पण मागं एक हिंदी पोथी ठेवून गेले होते. हे युग संपणार, पाणी सगळं धुऊन नेणार, आणि ज्यांचं शरीर अखंड आहे ती माणसं नव्या युगात पाऊल ठेवणार. तिथं गेलेली माणसं पुन्हा भेटतील, असं त्या पोथीत होतं. आईला युगाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला वडील भेटायला हवे होते. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि तोवर मी तिची भरपूर टर उडवून घेतली होती.

पोथीचा अर्थ लावायचे ते एक निवृत्त ग्रामसेवक. सगळे त्यांना आबा म्हणत. माणूस लबाड असता तर मला बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण आबा सज्जन होते. स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा द्यायचे, कुणाकडून काही घ्यायचे नाहीत, आणि जे सांगायचे त्यावर त्यांचा स्वतःचा पक्का विश्वास होता.

पहिली तारीख वैशाख वद्य अष्टमी. त्या उन्हाळ्यात आईनं कुरडया घातल्या नाहीत, लोणचं घालू दिलं नाही. खाणार कोण? वहिनीनं कपाळाला हात लावला. अष्टमी उजाडली, दुपार झाली, भावाच्या टोमॅटोचा टेम्पो नेहमीसारखा भरून गेला. पुढच्या गुरुवारी आबांनी उलगडा केला. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावास्येला. म्हणजे पोथीतला वैशाख वद्य हा आपला चैत्र वद्य. तारीख महिन्यापूर्वीच होऊन गेली होती आणि प्रलय झालासुद्धा होता, पण सूक्ष्मात. मी कॅलेंडर काढून पाहिलं, तर त्या दिवशी आई माझ्याकडं बावड्याला होती आणि आम्ही दोघी आमरस खात होतो. मी तिला तसं सांगितलं.

"सूक्ष्मात झाला म्हनल्यावर आमरसाचं काय," ती म्हणाली.

वहिनीनं मग पिकायला लागलेल्या कैऱ्यांचं लोणचं घातलं. ते श्रावणापर्यंतही टिकलं नाही.

सूक्ष्मात झालेलं स्थूलात उतरायला वर्ष लागतं, म्हणून दुसरी तारीख पुढच्या सालची तीच तिथी. तीही गेली. भाऊ म्हणायचा, "आबांचा खोडवा हाय ह्यो. तोडला की फुटतोय." पण उसाचा खोडवा एक-दोनदा घेऊन माणूस रान मोडतो. आबांनी मोडलं नाही. पोथीत त्यांना एकशे आठ पौर्णिमांचा उल्लेख सापडला. महाराजांनी एका कार्तिक पौर्णिमेला समाधी घेतली होती. तिथपासूनची जुनी कॅलेंडरं गोळा करून आबांनी एकेक पौर्णिमा मोजली आणि एकशे आठवी आली राखी पौर्णिमा. ही तिसरी तारीख.

ती गेल्यानंतरच्या रविवारी मी कन्हेरीला गेले. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. दोन दिवस जेवली नव्हती. मला आनंद झाला होता, हे मी कबूल करते. तिची दयाही येत होती. दोन्ही एकदम आलं की मी शिकवायला लागते, ही माझी जुनी खोड आहे.

"आबांनी अधिक महिने मोजलेत, आई," मी म्हणाले. "अधिकात आपण लग्न करत नाही, मुंज करत नाही. मग युग कसं संपेल?"

ती उठून बसली. चाचणीचे पेपर तपासायला बरोबर आणले होते, त्यातल्या एका कोऱ्या पानावर मी लाल पेननं मांडून दाखवलं. या काळात अधिक आले तीन: एक ज्येष्ठ, एक आश्विन, एक श्रावण. त्यांच्या तीन पौर्णिमा वगळा, तीन पुढं मोजा. एकशे आठवी कार्तिक पौर्णिमा. समाधीचीच तिथी, बरोबर नऊ वर्षांनी. बारा नव्वे एकशे आठ, हे पाचवीतल्या पोरानंही सांगितलं असतं. पण उत्तर इतकं सुबक आलं की मला माझंच कौतुक वाटलं. आईनं पानाची घडी घालून पोलक्यात ठेवली. गुरुवारी ते हॉलमध्ये वाचलं गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. मी हसले.

गौरीच्या सणाला गेले तेव्हा आईनं माझा हात धरून छातीला, डाव्या बाजूला लावला. "हे बघ गं, काय हाय." लिंबाएवढी गाठ होती. कधीपासून म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आखाडापासनं असंल." श्रावणात सगळंच संपणार होतं, मग दाखवायचं कशाला, असा तिचा हिशोब.

बारामतीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. गाठ वाईट आहे, पण अजून जागेवर आहे, आठ दिवसांत काढून टाकू, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "कार्तिकापतूर न्हाय."

"आई, ती मी गंमत केली होती."

"गंमत कशी? तू लिहून दिलंयस. अन् कापाकापी केल्यावर शरीर अखंड ऱ्हातंय व्हय? दोन महिनं तर ऱ्हायल्यात."

भावानं समजावलं, वहिनी रडली, मी ओरडले. काही उपयोग झाला नाही. तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गुरुवारी पिंपळीला गेले. गणित चुकलं आहे, असं सांगायचं ठरवूनच गेले होते. हॉल भरला होता. आई पुढच्या रांगेत होती आणि लेक आली म्हणून तिचा चेहरा खुलला होता. आबांनी मला खुर्ची दिली. मी उभीच राहिले.

"त्या पानाबद्दल सांगायचंय," मी म्हणाले. "ते मी चेष्टेनं लिहिलं होतं."

आबांनी ते पान माझ्यासमोर धरलं. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. "बाई, चेष्टेनं का असंना. गणित चुकलंय का?"

मी पानाकडं पाहिलं. माझं अक्षर, माझी लाल शाई. उत्तर कुणासाठी बदलत नसतं, हे मी पोरांना बावीस वर्षं सांगत आले होते. एवढ्या माणसांत 'गणित चुकलंय' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. गणिताच्या बाईला साधं गणित येत नाही असं कुणी म्हणेल, याची मला लाज वाटली. आईच्या जिवापेक्षा ती लाज त्या क्षणी मोठी ठरली. दुसरं कुठलंही कारण देता येईल, पण ते खरं नसेल.

"गणित बरोबर आहे," मी म्हणाले, "पण..."

पण पुढचं कुणी ऐकलं नाही. आईनं मान वळवून मागच्या बायकांकडं पाहिलं.

कार्तिक पौर्णिमेला मंडळी पहाटेपासून हॉलमध्ये बसली. मी बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथं उभी होते. काही होणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की आबांचं खरं ठरू दे. सूर्य मावळला. लोक उठले, कपडे झटकले, सतरंज्या गुंडाळल्या. आई बाहेर आली आणि चपला पायात सरकवत म्हणाली, "चल, कुठं न्यायचंय तितं ने."

पुन्हा तपासण्या झाल्या. आता ते यकृतात गेलं होतं. कापून काही होणार नाही, डॉक्टर म्हणाले. एवढे दिवस का थांबलात, असंही त्यांनी विचारलं. आई तयार नव्हती, असं मी सांगितलं.

माघात ती ओट्यावर उन्हाला पडून असायची. हातांच्या काड्या झाल्या होत्या. मंडळात तोवर पाचवी तारीख निघाली होती, पण तिनं ती कुणाला विचारली नाही. मी दर शनिवारी शाळा सुटली की जायचे. अशाच एका शनिवारी मी तिच्या पायांना तेल लावत होते.

"डागदर किती दीस म्हनला?" तिनं विचारलं.

"नक्की सांगता येत नाही म्हणाले."

"ते न्हाय सांगनार. तू मोज की. तुझं चुकत न्हाय."

"चुकतं, आई," मी म्हणाले. "त्या पानावरचं गणितच चुकलं होतं."

तिनं मान माझ्याकडं वळवली.

"आता कशाला खोटं बोलतीस," ती म्हणाली.