परत म्हटलेला हुकूम

गल्लीत त्याला सगळे मेजर म्हणायचे. फौजेत होता साधा ट्रक ड्रायव्हर, पण तिथून आलेल्या माणसाला मेजर म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं?

त्यांच्या पलटणीत रीत होती. साहेबानं हुकूम दिला की तो जसाच्या तसा, मोठ्यानं परत म्हणायचा आणि मगच हलायचं. ऐकण्यात घोळ नको म्हणून. ती खोड घरीही आली. बायको म्हणायची, "अहो, मीठ आणा." हा दारात ताठ. "मीठ आणतो!"

शेजारीण खिदळायची. "मेजर, बारीक की जाडं?"

"ते सांगितलेलं नाही!"

बायको मात्र हसायची नाही. तिचा धाकटा भाऊ ह्याच्याच ट्रकवर, ह्याच्याच शेजारी बसायचा. त्याला भरतीला मेजरनंच नेलं होतं. एका पुरात ट्रक बुटक्या पुलावरून वाहून गेला. मेजर खाली एका झाडाला अडकला, मेहुणा कशालाच अडकला नाही.

"तुम्ही साहेबाला सांगितलं नाही का, पाणी चढलंय म्हणून?" घरी आल्यावर बायकोनं विचारलं होतं.

"सांगितलं. ऐकलं नाही त्यानं."

बस्स. एवढ्यावर संसार पुढं चालला. धुणं आपटताना, पीठ मळताना बायको त्या न पाहिलेल्या साहेबाचा उद्धार करायची. पलीकडच्या वस्तीत राहणारी तिची विधवा भावजयही तेच करायची. दोघी भेटल्या की आधी साहेबाला झोडपायच्या, मग एकमेकींची ख्यालीखुशाली.

आणि एका दुपारी तो साहेबच पत्ता विचारत आला. म्हातारा झालेला, काठी टेकत. मेजर खाडकन उठला. बायकोनं चहा ठेवला, पण कोण आलंय ते कळल्यावर त्यात साखर घालायला तिचा हात काही उठला नाही.

साहेब बिनसाखरेचा चहा मुकाट्यानं प्यायला. म्हणाला, "आता माझे दिवस भरत आले. एक बोलायचं राहिलंय. त्या दिवशी मी घाबरलो होतो रे. नवीन होतो. पाणी पुलाला लागलेलं. म्हटलं, रस्ता ड्रायव्हरच्या पायाखालचा आहे, तो कुरकुरला तर थांबू. आणि तू हुकूम असा खणखणीत परत म्हटलास, की मलाच धीर आला. वाटलं, हा म्हणतोय म्हणजे गाडी जाईल."

"हुकूम होता, साहेब."

"होता. पण मी खाली काठावर उभा राहून तुझ्या तोंडाकडं बघत होतो."

आत भांड्यांचा आवाज थांबला. बायको उंबऱ्यात आली. साहेबाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"माझा भाऊ काही बोलला होता का?"

मेजरचा आवाज कधी नव्हे तो खाली गेला. "म्हणाला, दाजी, विचारा की एकदा."

"मग?"

"म्हटलं, गप बस."

बायकोनं पदरानं तोंड पुसलं. साहेबाला म्हणाली, "जेवून जा. लांबून आलाय." आयुष्यभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याला तिनं पाट मांडून वाढलं. नवऱ्याचंही ताट वाढलं, पण ते तिथंच गार झालं.

साहेब गेल्यावर तिनं चपला घातल्या. भावजयीला खरं सांगायला हवं होतं. इतकी वर्षं तीही भलत्याच माणसाला शिव्या घालत होती.

मेजर दाराशी आला. "मी येऊ?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "यायचं असेल तर या."

ती गल्लीच्या वळणापर्यंत गेली. एकदा थांबली, चपलेतला खडा काढला, चांगला वेळ लावून काढला. मेजर दाराची चौकट धरून उभा होता. पाय उचलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं.

ती वळली आणि दिसेनाशी झाली. हा अजून उभाच होता.