तळातलं दूध

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून एरवी माझं काही लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

सिन्नरच्या पुढं, आमच्या गावात माझं दूध संकलन केंद्र आहे. लोक दूध आणतात, मी नमुना मशीनला लावतो, फॅटचा आकडा येतो, त्यावर भाव ठरतो. साधं काम.

त्या वर्षी पावसानं पार पाठ फिरवली. चारा सोन्याच्या भावाला गेला. आणि दुधाचा भाव? तो उतरला. दूध पावडरीला उठाव नाही म्हणे. उसाचं वाढं खाऊन गाईंचं दूध पातळ झालं होतं. वर डेअरीत माझ्या दुधाची फॅट कमी बसली की तूट माझ्या कमिशनातून कापायचे. मी चिडलेला असायचो — पण चिडायचं कुणावर?

चंद्रभागामावशी आमच्या गल्लीतली. नवरा नाही, मूल नाही, एक गाय. पाण्याचा टँकर आणि माझं केंद्र, दोन्हींची वेळ सकाळी एकच. म्हणून ती आधीच येऊन किटली रांगेत ठेवायची आणि हंडे घेऊन टँकरकडं पळायची. आमच्याकडं तशी रीतच पडली होती. किटली रांगेत म्हणजे माणूस रांगेत.

तासभर उभं राहिलेलं दूध — साय वर येणारच. म्हणून नमुना घेण्याआधी दूध खालीवर ढवळायचं असतं. मी सगळ्यांचं ढवळायचो. मावशीचं — नाही. माप अलगद तळाशी घालायचो आणि तळातलं दूध मशीनला द्यायचो. आकडा खाली यायचा. माझी तूट तेवढी भरून निघायची.

तिचंच का? बाकीच्यांच्या घरचं कुणी ना कुणी समोर उभं असायचं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

एकदाच करणार होतो. दोन महिने केलं.

एका सकाळी ती फॅटच्या आकड्याची चिठ्ठी घेऊन आली. "दत्तू, गाईत काय खोट हाय का रं? पोटाला कमी नाय करत मी तिच्या."

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वय झालं तिचं, मावशी. आता फॅट वर यायची नाय."

बाजारात गुरांना कुणी विचारत नव्हतं, तेव्हा तिनं गाय काढली. दिंडोरीकडच्या एका बागायतदारानं मातीमोल भावानं नेली. गाय टेम्पोत चढेना. शेवटी मावशीच आधी चढली, मग तिच्या मागं गाय चढली. मावशी खाली उतरली. फळका मी लावला.

"बरं झालं तू खरं बोलला," ती म्हणाली, "नायतर मी येडी तिला चारत बसले असते."

मला शरम वाटली.

पुढच्या साली पाऊस झाला. गुरं महागली, दुधाचा भाव चढला. मावशीला पुन्हा गाय घेणं काही जमलं नाही. आता ती चहापुरतं पाव लिटर दूध माझ्याच केंद्रातून नेते, चढ्या भावानं. पैसे माझ्या हातावर ठेवते. मी घेतो.