तवा जास्त तापला की

आठवीत शाळा सुटली तेव्हा मला एवढंच शास्त्र येत होतं: तव्यावर शिंपडलेलं पाणी चर्र करून आटलं तर भाकरी टाकायची, थेंब मोत्यांसारखे नुसते पळायला लागले तर चुलीतलं लाकूड मागं ओढायचं. आईनं शिकवलेलं.

नवऱ्याला चेन्नईजवळ ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात काम लागलं म्हणून सोलापूरकडचं गाव सोडून आम्ही चेन्नईला आलो. मला अड्यारच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं, तेही तिथल्या संशोधक मॅडमनी शब्द टाकला म्हणून. माझ्याहून लहान, पण मॅडमच. मला त्या अक्का म्हणतात. त्यांच्याकडं तांब्याची बोटभर पट्टी, तिच्यात केसाएवढ्या बारीक वाटा कोरलेल्या. त्यांतून पाणी सोडायचं आणि खालून आच वाढवत न्यायची. पाणी वाटेतच उकळतं, उष्णता घेऊन जातं. पण एका मर्यादेपुढं वाफच मधे येते, पाणी तांब्याला शिवत नाही, आणि तापमान एकदम उसळतं. ती मर्यादा मॅडमना शोधायची होती. मला पहिल्याच दिवशी कळलं. थेंब पळायला लागले, दुसरं काय!

माझं काम, पाणी आधी तासभर उकळून त्यातली हवा घालवायचं. त्या दिवशी टाकीत पाणी कमी वाटलं, तर मी सवयीनं वरून गार पाणी ओतलं, आधणात ओततात तसं. मन गावात होतं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तिकीट होतं. दोन वर्षांनी आईला भेटणार होते.

आकडे मागच्या आकड्यांशी जुळेनात. मॅडम पट्टी उलटीपालटी करून बघत राहिल्या. "माझं कोरणंच चुकलं, अक्का," म्हणाल्या. डोळे भरले होते.

बोलले तर चाचणी पुन्हा, म्हणजे गाडी गेली. कामही गेलं तर?

"मॅडम, पट्टी बरोबर आहे. मीच कच्चं पाणी ओतलं, त्यात हवा राहिली," मी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं.

"कच्चं? पाणी काय वांगं आहे?" त्या हसल्या. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "सोमवारी प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांना दाखवायचंय. उद्या दोघींनी बसावं लागेल. तुमचं तिकीट..."

"राहू दे."

त्या रागावल्या नाहीत. ते उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी आईला फोन लावला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती.

"येत न्हाईस? बरं." मग म्हणाली, "पुरणाची डाळ निवडून ठिवलीया."

"आई, तव्यावर पाणी शिंपड की. फोन जवळ धर."

"येडी का काय! फोन भाजंल."

पण धरला. काहीच ऐकू आलं नाही.

"लई तापला बघ, तुझ्याशी बोलत बसले आन्..." लाकूड ओढल्याचा आवाज आला. आम्ही दोघी थांबलो. मग तिनं पुन्हा शिंपडलं.

चर्र.

"आलं का ऐकू?" आई विचारत होती.

"अजून एकदा," मी म्हटलं.