चौथी नापास माणसाची डोळ्यांची परीक्षा

मी चौथी नापास. अमरावतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत बसवून, एक डोळा झाकून, हातात बटण दिलं. "काकाजी, नजर मधात, समोरच्या ठिपक्यावर ठेवा. बाजूला दिवा चमकला की दाबा." मी ठरवलं, यंदा पुरे मार्क घ्यायचे. दिवा दिसो न दिसो, दोन्ही डोळ्यांच्या पाळीत दाबतच सुटलो!

बाहेर येऊन घरवालीले ऐटीत म्हटलं, "एक नाही सोडला."

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "काकाजी, दिवा लागलाच नव्हता, तेव्हाही दाबलं तुम्ही. हा कागद माझ्या कामाचा नाही."

घरवाली म्हणाली, "शाळेतबी असंच केलं असन, म्हणून मास्तरानं चौथीतच बसवलं!"

तिनंच मला वरूडहून ओढत आणलं होतं. संत्र्याच्या बगीच्यात जाताना मी फाटकाच्या खांबावर गाडी घातली, एवढंच निमित्त. मागच्या साली तिला काचबिंदू झाला होता. डोळा लालभडक, डोकं फुटायला आलं, उलट्या. लेझरनं बारीक छिद्र पाडलं तेव्हा डोळा वाचला. मी अडून बसलो होतो, "तुझा दुखला. माझा दुखून नाही राहिला. मग मले काचबिंदू कसा?"

बाईंनी आधीच दाब मोजला होता, आतली नस पाहिली होती; त्यावरून समजावलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होते, ते आतल्याच कोपऱ्यातून वाहून जावं लागते. घरवालीचा कोपराच एकदम बंद झाला, म्हणून दुखलं. माझा कोपरा उघडा, पण आतली वाट हळूहळू बुजली. दाब वाढला, नस मरत गेली, अन् मला पत्ता नाही.

मी खुर्चीवरून उठलोच. "म्हणजे निचरा!" काळ्या मातीत निचऱ्याचा चर एकदम ढासळला तर कोणालाही दिसते. पण गाळानं साल-दरसाल भरला तर झाड वरून हिरवंगार अन् खाली मूळ सडते. गावभर हेच सांगत फिरणारा मी, अन् माझ्याच डोळ्यात!

"बरोबर," बाई म्हणाल्या. "गेलेलं मूळ परत नाही येत. उरलेलं वाचवू. पण किती उरलं, ते खरं सांगाल तर कळेल."

पुन्हा बसलो. या वेळी दिसला तरच दाबला. मधात भराभर दिवे. मग कितीतरी वेळ काहीच नाही. अंगठा शिवशिवत होता, पण उचलूनच धरला.

कागद निघाला. कडा काळ्या, म्हणजे तिथली नजर गेलेली; मधला भाग मोकळा.

"हा कामाचा," बाई म्हणाल्या अन् थेंबांची बाटली लिहून दिली. रोज, जन्मभर.

घरवालीनं कागदाच्या मधोमध बोट ठेवलं. मग म्हणाली, "मधात तर अजून लय आहे की हो!"

फाटकाचा खांब आधीपासूनच वाकडा होता, हे मी अजूनही म्हणतो. पण थेंब एकदाही चुकवलेला नाही.